कॅमेऱ्याच्या पोटातले फोटो

मुलीने कपाटातला जुना कॅमेरा मागितला तेव्हा मला वाटलं ती चेष्टा करते आहे. हातात एवढा मोठा फोन असताना साबणाच्या वडीएवढा तो चंदेरी डबा तिला कशाला हवा होता? ती पालघरला कॉलेजात जाते. तिथून आल्या आल्या म्हणाली, "आई, आता सगळ्यांना असलेच कॅमेरे हवे असतात. त्यातले फोटो वेगळे येतात."

"वेगळे म्हणजे?"

"जुन्यासारखे. तुझ्या अल्बममधल्यासारखे."

आमच्या अल्बममधले फोटो नुसते जुने आहेत, त्यात आणखी काही नाही असं मला वाटत आलं होतं. पण मी कपाट उघडलं. कॅमेरा अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून मी खालच्या खणात ठेवला होता. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे आमच्या घरात जे काही गुंडाळलं जातं ते अस्तरातच. बोईसरच्या या दोन खोल्यांपैकी पुढची खोली माझ्या मशीनची आणि मागची आमच्या तिघांची. नवरा कारखान्यात पाळीवर जातो. हा कॅमेरा माझ्या धाकट्या भावाने आणला होता, तो आखातातून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा. मुलगी तेव्हा नुकती उभी राहायला शिकली होती.

मुलीने खालचं झाकण सरकवलं आणि "शी!" म्हणून कॅमेरा माझ्या हातात दिला. आतले दोन पेन्सिल सेल फुगून फुटले होते. त्यांच्या भोवती पांढरट हिरवी बुरशी धरावी तसा थर. "गेला हा," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

मला मात्र तो खाली ठेववेना. असला हिरवा थर मला परका नव्हता. जुन्या पितळी हुकांवर आणि बटणांवर तो चढतो आणि लिंबाने निघतो. मी आगकाडीला कापूस गुंडाळला, लिंबात बुडवला आणि एकेक पट्टी घासत बसले. लिंबू लागताच त्या थराला बारीक फेस यायचा. तो पाहायला मजा वाटत होती. पट्ट्या पुन्हा चमकायला लागल्या तशी मी पुसून, वाळवून घेतल्या आणि भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून कॅमेऱ्यात घातले. एक दिवा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी दोरे आणायला बाजारात गेले, तेव्हा सेलच्या दुकानदाराला विचारलं, "हेच सेल घड्याळात वर्षभर चालतात, मग कॅमेऱ्यात का नाहीत?"

तो म्हणाला, "घड्याळ थेंब थेंब पितं, ताई. कॅमेरा एका घोटात पितो. याला अल्कलाइन लागतील."

मला हे उत्तर फार आवडलं. वर्षानुवर्षं मी सेल विकत घेत होते आणि त्यांच्यात असा फरक असतो हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

नव्या सेलवर कॅमेरा जिवंत झाला. म्हणजे करकर असा आवाज करत त्याची लेन्सची नळी अर्धी बाहेर आली, तिरकी होऊन अडकली, पडद्यावर एक ओळ उमटली आणि सगळं बंद पडलं. ती ओळ इंग्रजीत नव्हती. आम्ही वापरायचो तेव्हा त्यात इंग्रजी होतं हे मला पक्कं आठवत होतं. इतकी वर्षं सेल मेलेले, त्यामुळे शिकवलेलं सगळं विसरून तो आपल्या जन्मभाषेवर गेला असावा, अशी मी माझी समजूत काढली.

वरच्या मजल्यावर उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब भाड्याने राहतं. त्यातली बाई त्या दुपारी ब्लाउजची बाही सैल करून घ्यायला आली. मी तिला कॅमेरा चालू करून दाखवला. ओळ येऊन गेली.

"भाभी, ये तो अरबी है," ती म्हणाली.

"तुला येते ना वाचता?"

"पढ़ तो लूँगी. समझूँगी थोड़े ही!"

आम्ही दोघी हसलो. तिने लहानपणापासून कुराण वाचलेलं, त्यामुळे अक्षर न् अक्षर लागायचं, पण अर्थाचा पत्ता नाही. त्यातून ओळ डोळ्यांत भरायच्या आत कॅमेरा मिटायचा. मग मी एकेक बटण दाबून पाहायला लागले. त्रिकोण काढलेलं एक बटण होतं, काढलेले फोटो पाहायचं. ते जरा दाबून धरलं तर पडदा उजळला आणि नळी आपल्या जागी गप्प राहिली. म्हणजे कॅमेऱ्याला नळी बाहेर न काढताही जागं करता येत होतं. पडद्यावर मुलीचा पहिला वाढदिवस आला. मेणबत्तीकडे झेपावणारी मुलगी, मागे माझा हात. वरची बाई म्हणाली, "हाय, कितनी छोटी!" आणि फोटो पुढे पुढे करत राहिली. तिला भाषेपेक्षा फोटोंमध्ये जास्त रस होता. मीच तिला परत भाषेवर आणलं.

पाना-हातोड्याचं चित्र होतं तिथे एक लांबलचक यादी उघडली. ती बोट ठेवून एकेक शब्द उच्चारायची आणि मान हलवायची. असे बरेच शब्द झाल्यावर ती थबकली. "अल-लुग़ह," तिने वाचलं. पुन्हा वाचलं. "लुग़ह... भाभी, उर्दू में लुग़त कहते हैं डिक्शनरी को. मेरे अब्बा के पास थी एक."

"डिक्शनरी म्हणजे शब्दांची. शब्द म्हणजे भाषा," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बटण दाबलं. जगातल्या भाषांची रांग उघडली आणि त्यात इंग्रजी होती. तिने इतक्या जोरात टाळी दिली की मागच्या खोलीत रात्रपाळी करून झोपलेला नवरा उठून विचारायला आला, काय झालं. त्याला सांगितलं तर म्हणाला, "त्यापेक्षा नवा घेऊ." त्याला कळलंच नाही.

आता ती ओळ वाचता आली. लेन्समध्ये बिघाड आहे, बंद करून पुन्हा चालू करा. हे आम्ही भाषा न कळताही करत होतोच.

स्टेशनजवळ फोन दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या माणसाने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. "हे आता कोणी उघडत नाही, मॅडम. शोकेसमध्ये ठेवून द्या."

"थोडं मशीनचं तेल सोडलं तर?" मी विचारलं. माझं मशीन करकरलं की मी तेच करते.

"ते मात्र करू नका," तो घाईने म्हणाला. "तेल काचेवर पसरलं की संपलं. कचरा अडकला असेल तर सुका काढा."

म्हणजे मशीनच्या अगदी उलट. मी घरी आले, मशीनचा दिवा लावला, पांढरं अस्तर पसरलं आणि कॅमेरा नळी खाली करून धरला. मशीनमधला कापूस झाडायचा बारीक ब्रश माझ्याकडे आहे. नळीच्या कडेकडेने तो फिरवला. मग ब्लाउजचे नमुने कापायचा जाड खाकी कागद घेतला, त्याची चिंचोळी पट्टी कापली आणि नळीच्या फटीतून गोल गोल फिरवली. मुलगी लहान असतानाचा, तिचं नाक साफ करायचा रबरी फुगा अजून घरात होता. त्याने फुंकर मारली.

अस्तरावर काळे कण पडले. मला धूळ अपेक्षित होती, करडी, मऊ. हे कण टणक होते आणि दिव्याखाली चमकत होते. सुई ओवायला मी जे भिंग वापरते त्याखाली ते धरले. रेती होती. त्यात शिंपल्याचा एक चुरा, नखाच्या कोरीसारखा.

मी विचारात पडले. हा कॅमेरा समुद्रावर गेल्याचं मला आठवत नव्हतं. समुद्र आमच्याकडून रिक्षाने जाण्याइतका जवळ, त्यामुळेच आम्ही तिकडे फारसे जात नाही. जे एकदोनदा गेलो त्यात कॅमेरा नेला नव्हता, कारण फोटो असते तर अल्बममध्ये असते. मग आणखी एक गोष्ट आठवली. हा करकर आवाज पहिल्यापासूनचा होता. भावाने कॅमेरा माझ्या हातात दिला त्या दिवसापासून तो चालू करताना करकरायचा. मला वाटायचं कॅमेरे असेच बोलतात. पहिला वाढदिवस, शेजारचं बारसं, सगळे फोटो त्या करकरीवरच निघाले, आणि कधीतरी तो अडकला. म्हणजे रेती आमच्याकडे यायच्या आधीच आत होती. पण भाऊ तर सांगत होता की कोरा करकरीत आणलाय.

त्या दिवशी मी एकही ब्लाउज पुरा केला नाही. ब्रश, कागद, फुंकर, पुन्हा चालू. नळी कण्हत थोडी पुढे यायची आणि अडकायची. मी बंद करून पुन्हा झाडायची. संध्याकाळी कधीतरी ती सरळ, पूर्ण, डोकं बाहेर काढणाऱ्या कासवासारखी आली आणि थांबली. पडद्यावर माझं मशीन दिसत होतं. मी एकटीच हसले.

फोटो काढायला बटण दाबलं, तर पडद्यावर आलं की कार्ड कुलूपबंद आहे. आता हे काय नवीन? कार्ड बाहेर काढलं. टपाल तिकिटाएवढं ते निळं कार्ड, त्याच्या कडेला एक इवलंसं बोंड, ब्लाउजच्या हुकाएवढं. ते खाली सरकलं होतं. नखाने वर केलं. एवढंच होतं ते कुलूप.

कार्ड परत घालायच्या आधी मनात आलं, कार्डच नसताना याला फोटो दाखव म्हटलं तर काय म्हणेल? नाही म्हणेल, हे उघड होतं. कसं म्हणतो ते पाहायचं होतं. मी त्रिकोण दाबून धरला.

पडद्यावर एक होडी आली.

चिखलात कलंडलेली, निळी, कोरडी होडी. मी बटण दाबलं. बांबूच्या दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. पुढे निम्मं आकाश आणि कुणाच्या तरी खांद्याचा तुकडा. मग एक बाई. तरुण, कासोटा घालून लुगडं गुडघ्यांवर खोचलेलं, पाय पिंढऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले, कमरेवर पाटी, आणि तोंड उघडून अशी हसते आहे की फोटो पाहणाऱ्यालाही हसू यावं. आणि शेवटच्या फोटोत माझा भाऊ. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, कमरेपर्यंत काळा चिखल, आणि चेहरा शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखा.

मी कार्ड आत घातलं. होडी, बाई, भाऊ, सगळे नाहीसे. मुलीचा वाढदिवस आला. कार्ड काढलं. वाढदिवस गेला, होडी आली. असं मी कितीतरी वेळा केलं. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पोटात थोडी जागा होती, आणि कार्ड आत असलं की तो पोटातलं काही बोलतच नव्हता. फोटोंवर तारीख होती, पण ती खोटी. भावाने तारीख लावलीच नसणार, त्यामुळे कॅमेऱ्याने कारखान्यातली पहिली तारीख सगळ्यांवर छापली होती. पण भावाची ती मिशी मला ओळखू येत होती. ती त्याने त्या एकाच सुट्टीत ठेवली होती.

पडद्याचाच फोनने फोटो काढून मी त्याला पाठवला. भाऊ आता गावी असतो, सांगलीकडे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. फोन लगेच आला.

"ताई, हे कुठून काढलंस तू?"

"ते तू सांग. कमरेपर्यंत चिखल कुठला?"

तो बराच वेळ हसत राहिला, मग म्हणाला, "तुला तो दिवस आठवतो का, मी पालघरला मित्राकडे जातो म्हणून गेलो होतो?"

मला मित्र आठवत नव्हता. आठवली ती त्याची पॅन्ट. तो परत आला आणि न बोलता मोरीत जाऊन स्वतःची पॅन्ट धुवायला बसला होता. आमच्या माहेरी कुठल्याही पुरुषाने पॅन्ट धुतल्याचं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते लक्षात राहिलं होतं. रिक्षाने चिखल उडवला, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं.

"मित्र वगैरे कोणी नव्हता," तो म्हणाला. "कॅमेरा तुला द्यायचा होता. कोराच कसा द्यायचा? म्हटलं, तू चालू केलास की आत काहीतरी चांगलं दिसलं पाहिजे. म्हणून तारापूरच्या पुढे खाडीवर गेलो. ओहोटी होती. ती निळी होडी जवळून घ्यावी म्हणून आत चालत गेलो आणि रुतलो. ताई, कमरेपर्यंत रुतलो. आणि भरती यायला लागलेली. ओरडलो तेव्हा ती बाई आली. तिने ओढून काढलं मला."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"दाखवायला काही राहिलंच नव्हतं ना! घरी येऊन कार्ड घातलं, जास्त फोटो मावावेत म्हणून, आणि सगळे फोटो गेले. मला वाटलं चिखलाने गेले, नाहीतर माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं. शोध शोध शोधले. त्या बाईला फोटो आणून देतो म्हणालो होतो, तेही राहिलं. नुसतं सांगून काय करू? तू घाबरली असतीस."

फोटो गेले नव्हते. कार्डाच्या मागे उभे होते, आणि त्याने कार्ड काढून पाहिलं नव्हतं एवढंच. हे त्याला समजावून सांगताना मला फार शहाणी झाल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही.

पोटातले फोटो कार्डावर उतरवायची सोयही त्या पाना-हातोड्याच्या यादीत निघाली. स्टेशनजवळच्या स्टुडिओतून मी त्यांच्या प्रती काढून आणल्या आणि वाट पाहिली ती आमच्या गल्लीत मासे घेऊन येणाऱ्या मावशीची. ती तारापूरच्या बाजूचीच. निळी होडी ओळखली तर ओळखली.

पाटी उतरवून मावशीने फोटो हातात घेतला, लांब धरला, मग जवळ. होडी तिने बाजूला ठेवली. बाईच्या फोटोवर तिचा हात थांबला.

"ही कुटं घावली तुमाला?"

"ओळखता?"

"वळकते म्हंजे? माजी जाव हाय ही! केवडी बारीक व्हती बगा. आता दारातून आडवी जाते," असं म्हणून ती स्वतःच खो खो हसली. "चला तुमी. तिला तिच्याच हातात द्या. मी दिला तर ती मानायची नाय."

पुढच्या रविवारी मी मावशीबरोबर गेले. मुलीला विचारलं येतेस का, तर तिची परीक्षा होती. तिने फक्त कॅमेरा जपून आणायला सांगितला. गाव खाडीच्या कडेला, घरं एकमेकांना खेटून, दारादारात सुकट पसरलेली. मावशीची जाव शेजारच्या बायांबरोबर ओट्यावर बसून सुकट निवडत होती. केस पांढरे, चश्मा, अंग भरलेलं. मावशी म्हणाली तशी दारातून आडवी जाण्यासारखी काही नव्हती.

मावशीने काही न सांगता मला पुढे केलं. मी फोटो दिला. बाईने हात पदराला पुसला, फोटो घेतला आणि पाहत राहिली.

"हे कोन?" ती म्हणाली.

"तूच ना!" मावशी ओरडली.

"मी नाय ही." मग फोटो चश्म्याजवळ नेला. "पाटी माज्या आयेची हाय. काठाला तांबडी चिंदी बांदलेली, ती तिनेच बांदली व्हती." पुन्हा पाहिलं. "मंग मीच असन."

मी दुसरा फोटो दिला, भावाचा. तो पाहताच तिला सगळं आठवलं. मांडीवर थाप मारून ती म्हणाली, "हा! हा तर तो रडका!"

"माझा भाऊ आहे तो," मी म्हटलं.

"मंग काय जालं? रडत व्हता."

मी तिला विचारलं, तो कमरेपर्यंत रुतला होता ना? भरती येत होती ना? तिने हातातली सुकट खाली ठेवली.

"कमरेपर्यंत? कोन बोलला? गुडग्यापर्यंत व्हता. तिते आमची पोरं खेळतात."

"पण फोटोत कमरेपर्यंत चिखल दिसतो."

"बसला ना तो! घाबरून बसकण मारली त्याने. बसल्यावर कमरेला लागनारच."

मला राहवेना. मी तिथूनच भावाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "घे, बोल यांच्याशी," म्हटलं.

"मावशी, मी बसलो नव्हतो!" तो तिकडून म्हणाला. "मी रुतलो होतो! आणि पाणी चढत होतं."

"पानी कुटं रं चढत व्हतं? वसरत व्हतं. आमी चिखलात निवट्या मासं धरायला गेल्यालो. भरतीला कोन निवट्या धरतं?"

मग तो म्हणाला, "मला तर चढताना दिसत होतं."

"तुज्या डोळ्यांत चढलं आसन," ती म्हणाली, आणि ओट्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. तोही हसला. कोण खरं ते फोटोवरून ठरेना. मी प्रत घेऊन उजेडात गेले, चिखलाची रेघ नीट पाहिली. पॅन्टच्या मागच्या बाजूला किती चिखल आहे ते दिसलं असतं तर निकाल लागला असता, पण फोटो समोरून होता.

फोन ठेवल्यावर तिने मला चहा दिला आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, "खोटं कशाला बोलू, घाबरला व्हता पोर. मी बोलली हात दे. त्याने एकच दिला. दुसरा वर धरलेला, असा." तिने स्वतःचा हात डोक्यावर उंच धरून दाखवला. "मी बोलली, ते काय हाय ते टाक आदी, दोन्ही हात दे. तर टाकीना. बोल्तो, नाय टाकायचं, ताईचं हाय."

मी कप खाली ठेवला.

"मंग मी जोरात वढला, तवा पडलंच ते त्याच्या हातनं. चिखलात गेलं. मग दोगांनी पुसलं माज्या पदराने. ते उगडलं, करकरलं, आनि लागलं चालाया. पयला माजा काडला त्याने. मग मी बोलली, आता तुजा काडते. कुटं दाबायचं ते त्याने दाकवलं."

भावाने फोनवर चिखल सांगितला, भरती सांगितली, मित्राचं खोटं कबूल केलं. हात वर धरल्याचं मात्र सांगितलं नव्हतं. त्याला ते आठवत नसेल, किंवा त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल. मी त्याला पुढेही विचारलं नाही. पण त्या ओट्यावर बसून मला एकदम त्याला पाहावंसं वाटलं. मावशी जावेच्या सुपातली सुकट निवडायला लागली.

जावेने स्वतःचा फोटो आत नेऊन देवघराच्या फळीवर ठेवला, मग तिथून उचलून आरशाच्या चौकटीत खोचला. "लोकं बोलतील मेली काय ही," असं म्हणाली. आणि मग बाहेर येऊन विचारलं, "ते हाय का अजून? ते उगडनारं?"

मी पिशवीतून कॅमेरा काढला. तिने तो लगेच ओळखला. चालू करून मी तिच्या हातात दिला. आता करकर नव्हती, नुसती सळसळ. आम्ही तिघी खाडीच्या कडेला गेलो. ओहोटी होती. तिने मला तिथल्या बोंबलांच्या पाट्यांजवळ उभं केलं आणि माझ्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ आली की फोटोत मी धुक्यातल्यासारखी पुसट आले. ती हिरमुसली. मी तिला फुलाचं चिन्ह दाखवलं. जवळचं पाहायचं असेल तर कॅमेऱ्याला आधी तसं सांगावं लागतं. ते मी आठवडाभरापूर्वीच शिकले होते, ब्लाउजच्या टाक्याचा फोटो घेताना. तिने फूल लावलं आणि माझ्याऐवजी एका बोंबलाच्या डोळ्याचा फोटो काढला. तो असा लखलखीत आला की दोघी जावा त्यावरून भांडायला लागल्या, हा कुणाच्या पाटीतला.

मग तिने कॅमेरा पाण्याकडे वळवला. सूर्य खाली आला होता. पडद्यावर सूर्याच्या बरोबर मधून, वरपासून खालपर्यंत, एक जांभळी रेघ उभी राहिली.

"हे काय मोडलं?" तिने घाबरून विचारलं.

मी पडद्यावरून नजर उचलून आकाशाकडे पाहिलं. तिथे रेघ नव्हती. "तुम्ही काही मोडलं नाहीत. दाबा बरं बटण."

तिने दाबलं. काढलेला फोटो पाहिला तर त्यात पाणी होतं, सूर्य होता, रेघ नव्हती. पुन्हा कॅमेरा उचलला, पडद्यावर रेघ हजर. तिने कॅमेरा डावीकडे सरकवला, रेघ सूर्याला धरून उजवीकडे गेली. उजवीकडे केला, डावीकडे आली. सूर्य चौकटीबाहेर गेला की रेघ मिटायची.

"दिसते, पन निगत नाय," ती म्हणाली. "आसं कसं?"

"मला नाही माहीत."

"इचारा कुनाला तरी."

"विचारते."

तिने कॅमेरा माझ्या हातात दिला नाही. चश्मा कपाळावर चढवून ती पुन्हा हळूच तो सूर्याकडे नेऊ लागली, रेघ नेमकी कुठून उगवते ते पाहायला, आणि मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहत राहिले.